हर्गेसाचे टोमॅटो

काशिनाथ डुंबरे रोज सकाळी साडेआठला आफ्रिकेत फोन लावून टोमॅटोची चौकशी करत.

मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा नोकरीचा पहिला दिवस होता. गळ्यात नवा टाय होता आणि चेहऱ्यावर जमेल तेवढं इंग्रजी आणलेलं होतं. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. दुबईत, देऱ्याला, खाडीपासून दोन गल्ल्या आत आमचं ऑफिस. कंपनी जनरेटर आणि पाण्याचे पंप विकायची, नेऊन बसवूनही द्यायची. माझ्या समोरच्या टेबलावर पन्नाशी ओलांडलेले, भरघोस पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ रिसीव्हर कानाला लावून दमल्या आवाजात बोलत होते.

"टमाटर है क्या मार्केट में? है ना? अब दबाके देखो. अरे युसूफ, दुकान में बैठके क्या बोलता है, उठ के जा और दबा. मैं पकडता है."

आणि त्यांनी खरोखरच पकडला. चांगली पाच मिनिटं. तेवढ्यात त्यांनी चष्मा पुसला, चहा संपवला आणि माझ्या टायकडे सहानुभूतीनं पाहिलं. पलीकडून उत्तर आलं. "कडक? सब कडक?" असं दोनदा विचारून त्यांनी समोरच्या कागदावर खूण केली आणि दाराशी बॅगा घेऊन उभ्या असलेल्या चार माणसांना म्हणाले, "जा. बिनधास्त जा."

संध्याकाळी मी घरी बायकोला सांगितलं, "पंपांची कंपनी म्हणाले होते, भाजीची निघाली."

"मग उद्या येताना कोथिंबीर आणा," वंदना म्हणाली. मी नोकरीविषयी काही सांगू लागलो की तिला नेहमी कोथिंबीरच आठवते.

उलगडा झाला तो गाडीत. डुंबरे शारजात रोल्याला एका खोलीत तिघांबरोबर राहायचे, मी अल मजाजला. दोघंही शारजाचे, कारण दुबईची भाडी ऐकूनच घाम फुटायचा. माझ्या गाडीतली एक सीट रिकामी असते हा शोध त्यांना तिसऱ्या दिवशी लागला आणि पुढची सात वर्षं ती रिकामी राहिली नाही. शारजाहून दुबईला जायला वीस मिनिटं लागतात असं नकाशा सांगतो. आम्हाला पावणेदोन तास लागत. गाडीत बसताना डुंबरे रोज म्हणायचे, "चला, आणखी एकदा बसलो." उतरताना काही म्हणत नसत. फक्त गुडघे वाजत.

"तुम्ही त्या टोमॅटोचं काय करता हो?" मी विचारलं.

"मी काय करणार? ते तिथलेच लोक खातात," ते म्हणाले. मग पुढची गाडी हलत नाही असं पाहून त्यांनी मला सगळं नीट समजावलं.

सोमालियाच्या उत्तरेकडचा तो मुलूख. लढाई होऊन गेलेली. हर्गेसा नावाचं अख्खं शहर आडवं झालेलं, आणि लोक परतून पत्रे, दगड, मिळेल ते गोळा करून पुन्हा भिंती घालत होते. पाणी नव्हतं, वीज नव्हती. म्हणून आमचे पंप आणि आमचे जनरेटर. आमची माणसं शारजाच्या विमानतळावरून एका म्हाताऱ्या रशियन विमानात सामानाच्या पोत्यांवर बसून हर्गेसाला उतरत आणि तिथून रस्त्यानं पुढच्या गावांना जात. वाटेत ठिकठिकाणी बंदूकवाल्यांच्या चौक्या. कुठली आज उघडी, कुठली बंद, याचा नेम नाही. माणसं आज पाठवायची की नाही, हे ठरवणं डुंबऱ्यांचं काम. गंमत म्हणजे त्यांनी स्वतः आफ्रिका पाहिलेली नव्हती. कंपनीत लॉऱ्या कुठं पाठवायच्या ते पाहता पाहता माणसं पाठवण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं.

"आता मी युसूफला 'रस्ता कसा आहे' असं विचारलं, तर तो काय सांगणार? इन्शाल्ला, चांगला आहे. आपला मालक, तो अरबाब, म्हणतो इन्शाल्ला, पायलट म्हणतो इन्शाल्ला. मला कसं कळायचं? पण टोमॅटो बाहेरच्या मळ्यातून ट्रकनं येतो. ट्रक चौकीवर अडकला, दिवसभर उन्हात राहिला, की टोमॅटो मऊ. कडक असला म्हणजे ट्रक सरळ आला. टोमॅटो इन्शाल्ला म्हणत नाही, कर्णिक."

डुंबरे ओतूरचे. घरची शेती, थोरल्या भावाचा भाजीच्या बाजारात चालता धंदा. आंतरराष्ट्रीय राजकारण त्यांनी असं जुन्नर तालुक्याच्या मापानं मोजायला घेतलं होतं आणि दोन वर्षं ते बरोबर येत होतं. युसूफचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच. हा युसूफ तरुणपणी पुण्यात तीन वर्षं कॉमर्स शिकून गेलेला. हिंदी तिथंच उचललेली, आणि मराठी म्हणाल तर "काय साहेब, जेवण झालं का" एवढीच. ती तो सकाळी साडेआठलाही म्हणायचा.

जाणाऱ्या माणसांना डुंबरे निघण्याआधी समोर बसवून सूचना देत. "गाडी थांबली तरी डांबर सोडायचं नाही. कडेच्या मातीत सुरुंग आहेत. फोटो काढायचा नाही. कोणी बंदूक दाखवली तर हसायचं नाही, रडायचंही नाही."

मनोहर पाष्टे म्हणून गुहागरकडचा आमचा पंप फिटर होता. बारीक, अबोल माणूस. त्यानं एकदा हळूच विचारलं, "साहेब, लघवीला जायचं झालं तर?"

"गाडीच्या मागं. डांबरावर."

"माणसं बघतात हो."

"तू डोळे मिटून घे," डुंबरे म्हणाले.

याच पाष्ट्याला त्यांनी एके दिवशी बुराओला पाठवलं. हर्गेसाच्या पूर्वेला चार-पाच तासांवरचं ते गाव. तिथल्या पाण्याच्या टाकीचा पंप बसवायचा होता. बरोबर एक मल्याळी इलेक्ट्रिशियन आणि एक पेशावरचा हेल्पर. तिघं आदल्या दिवशीच हर्गेसाला उतरले होते. सकाळी युसूफ फोनवर खुशीत होता. मला पलीकडच्या टेबलावर ऐकू येत होतं. "साब, आज तो ढेर लगा है. पहाड है पहाड. सब कडक." डुंबऱ्यांच्या मिशा हसल्या. त्यांनी खूण केली, पाष्ट्याला फोनवर बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बिनधास्त जा."

संध्याकाळी बुराओहून पोचल्याचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. दुपारी युसूफच बोलला, की गाडी बुराओला पोचलेली नाही आणि ड्रायव्हरच्या घरीही काही खबर नाही.

"कल तो टमाटर का पहाड था ना?" डुंबऱ्यांनी विचारलं.

"हां साब. बुराओ जाने वाला ट्रक सब वापस आ गया था. रास्ता बंद. इसलिये पहाड."

"तो कल क्यों नहीं बोला?"

युसूफ अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "साब, आपने पूछा ही नहीं. आपने पूछा, टमाटर है क्या, कडक है क्या."

डुंबऱ्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. मळे शहराच्या पश्चिमेला होते. माल तिकडून आत येत होता, तो रस्ता उघडा होता. पाष्टे गेला होता पूर्वेला. दोन वर्षं हे दोन्ही रस्ते एकदमच उघडे राहिले, एकदमच बंद झाले, म्हणून चूक कळली नव्हती.

परतीच्या वाटेवर शारजाच्या हद्दीवर गाड्यांचे लाल दिवे नजर जाईल तिथपर्यंत लागले होते आणि आम्ही त्यांच्यात उभे होतो.

"कर्णिक, आमच्या बाजारात माल पडून राहिला ना, की शेंबडं पोरसुद्धा सांगतं, गाड्या भरल्या नाहीत. मुंबईची गाडी आली नाही की कांद्याचे असेच ढीग. मला हे सहाव्या वर्षी कळत होतं."

मी गाडी चालवत राहिलो, म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून बसलो.

तिसऱ्या दिवशी पाष्ट्याच्या बायकोचा फोन आला. नवरा बाहेरगावी गेला की पोचल्यावर तो शेजारच्या वाण्याकडे फोन करून निरोप ठेवायचा. या वेळी निरोप नव्हता. डुंबरे मोठ्यानं आणि फार गोड बोलले. "अहो वहिनी, तिकडच्या लाइनी बिघडल्यात. मनोहर एकदम मजेत आहे. आल्यावर विचारा त्याला." फोन ठेवून त्यांनी रुमालानं मान पुसली. चौथ्या दिवशी तिचा परत फोन, परत लाइनी बिघडलेल्या. पाचव्या दिवशी फोन वाजला तेव्हा ते खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि मला म्हणाले, "तुम्ही घ्या. सांगा मी मीटिंगमध्ये आहे." मी हात पुढं केला. माझं बोट रिसीव्हरला लागलं आणि ते परत आले. "राहू द्या. मीच घेतो."

"साहेब, खरा काय ता सांगा," ती म्हणाली. आवाज इतका मोठा, की मला टेबलापलीकडून ऐकू आला.

डुंबरे खाली बसले. "वहिनी, मी दोन दिवस तुमच्याशी खोटं बोललो. मनोहर कुठं आहे ते मला माहीत नाही. रस्ता बंद होता आणि मी त्याला जा म्हणालो. चूक माझी. वाटेत भांडण चाललंय, गाड्या अडवल्यात. कोणी मेल्याची बातमी नाही. ते तिघं अडकलेत असं मला वाटतं. पण हे वाटणंच आहे. माहिती नाही."

मी दाराकडे बघितलं. अरबाबच्या केबिनचं दार बंद होतं हे बरं होतं. कंपनीचा माणूस कंपनीच्या फोनवरून असं बोलत नाही.

पलीकडून ती म्हणाली, "तुमी लाइनी लाइनी करत होता तवा मला वाटला, मेलाच. लपवतायत. दोन दिस चूल पेटवली नाय मी." आणि मग, "आता उद्या किती वाजता करू फोन?"

"तुम्ही करू नका. मी करतो. रोज अकराला. वाण्याकडं येऊन बसा."

त्यानंतर ते रोज अकराला फोन लावत आणि रोज जवळपास तेच सांगत. "आज काही कळलं नाही." "आज एक ट्रकवाला आला, त्यानं वाटेत दहा-बारा गाड्या उभ्या पाहिल्या. आपली होती की नाही, त्याला माहीत नाही." एवढं बोलायला अर्धं मिनिट लागे आणि त्यानंतर ते तासभर कामाचे नसत. जेवणाचा डबा तसाच परत जाई. अरबाबनं एकदा बोलावून सांगितलं, "डुंबरे, यू टॉक टू मच. टेल देम, इन्शाल्ला ओके. खलास." डुंबरे म्हणाले, "येस सर," आणि अकराला फोन लावला.

अकराव्या दिवशी युसूफचा फोन आला. तिघं हर्गेसाला परतले होते, ड्रायव्हरसकट. दोन भावक्यांमध्ये एका विहिरीवरून तंटा पेटला होता. आपल्याकडं बांधावरून होतो तसाच, फक्त यांच्या हातात बंदुका. दोन्हीकडच्यांनी रस्ता धरला आणि मधल्या गाड्या एका खेड्यात बसवून ठेवल्या. भात आणि उंटिणीचं दूध मिळत होतं. पाष्टे रिकामा बसेना, त्यानं खेड्यातल्या पिठाच्या गिरणीचं बंद पडलेलं इंजिन उघडलं आणि आठव्या दिवशी सुरू केलं. गावकऱ्यांना तो इतका आवडला, की वाट मोकळी झाल्यावर त्याला सोडायलाच तयार होईनात.

तिघं शारजाला आले तेव्हा आम्ही विमानतळावर होतो. पाष्ट्याचे गाल आत गेले होते. डुंबरे त्याच्यापुढं उभे राहिले. पाष्टेच म्हणाला, "साहेब, बायको म्हणाली तुम्ही खरं सांगितलंत."

"उशिरा सांगितलं."

"हां," पाष्टे म्हणाला. "उशिरा सांगितलंत." आणि बॅग उचलून चालू लागला. त्यानं साहेबांना सोडलं नाही आणि धरलंही नाही. मला वाटतं, डुंबऱ्यांना याहून जास्त काही नकोच होतं.

त्यानंतर "बिनधास्त" हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. सकाळचा फोन चालू राहिला, पण आता जाणारी माणसं टेबलाभोवती बसत, फोनचा स्पीकर लावलेला असे आणि डुंबरे म्हणत, "विचारा. जाणाऱ्यानं विचारायचं." सुरुवातीला माणसं लाजत. मग अशी सुटली, की युसूफ घाबरून गेला. ड्रायव्हर कोण, त्याची सासुरवाडी कुठल्या गावची, काल त्या वाटेनं कोण गेलं, कोण परत आलं, दवाखान्यात कोणी जखमी आणलं का. शेवटी डुंबरे एकेकाकडं बघून विचारत, "जायचं का?" कोणी नाही म्हणालं तर कारण विचारत नसत. कागदावर "पोट बिघडले" असं लिहीत. त्या वर्षी आमच्या कंपनीतल्या फिटर लोकांची पोटं फार बिघडली.

अरबाबला ते आवडलं नाही. दोन खेपा रद्द झाल्यावर त्यानं डुंबऱ्यांना गोदामात बसवलं आणि त्यांचं काम एका चुणचुणीत सेल्समनला दिलं. तो सगळ्यांना "यल्ला यल्ला, चलो चलो, नो प्रॉब्लेम" म्हणायचा. तीन महिन्यांत एकही फिटर विमानात चढायला तयार होईना. कोणाची बायको आजारी, कोणाचा पासपोर्ट सापडत नाही. डुंबरे पुन्हा टेबलावर आले. "चला, आणखी एकदा बसलो," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ओढला.

बुराओचा पंप बसला तो पुढच्या हिवाळ्यात, आणि बसवला पाष्ट्यानंच. स्पीकरवर युसूफला वीस मिनिटं पिळून झाल्यावर तो स्वतःच "जातो" म्हणाला होता. टाकीवरून त्यानं फोन केला. "साहेब, पाणी आलं. ऐका," म्हणून त्यानं रिसीव्हर नळासमोर धरला. आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. "येतो का आवाज?" पाष्ट्यानं विचारलं.

"येतो," डुंबरे म्हणाले. "पाणी आहे का लाइनीची खरखर आहे, ते मात्र सांगता येत नाही." आणि चष्मा काढून त्यांनी तो नको इतका वेळ पुसला.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली तेव्हा ते गेले, कायमचे, ओतूरला. तब्येत बरी नव्हती. दमणं हा त्यांचा स्वभावच असल्यामुळं हे दमणं वेगळं आहे, हे आम्हाला उशिरा कळलं. सहा महिन्यांनी मी त्यांच्या घरी फोन केला. मुलानं घेतला. "काका, आण्णा एकदम मस्त आहेत. काळजीचं काही नाही. जेवतात, फिरतात."

मागून आवाज आला, "दे इकडं."

"कर्णिक, तो असं बोलतो, मी ऐकून घेतो. त्याला बरं वाटतं. तुम्हाला नीट सांगतो. मूत्रपिंडं गेली. डॉक्टर दोन महिने म्हणाला. मला तेवढे वाटत नाहीत, पण हे वाटणं झालं. यायचं असेल तर आत्ता या. मेल्यावर येऊ नका. पाहुण्यांची गर्दी असते, बोलता येत नाही."

मी अरबाबकडं रजा मागितली. त्यानं कोणासाठी ते विचारलं, नाव ऐकलं आणि सही केली.

ओतूरला त्यांचं घर बाजाराच्या मागच्या अंगाला. ओसरीवर कॉट टाकलेली. मिशा तेवढ्याच होत्या, बाकीचं माणूस निम्मं झालं होतं. मी दोन दिवस राहिलो. ऑफिसच्या सगळ्या नकला करून दाखवल्या, अरबाबची, युसूफची, त्यांची स्वतःचीसुद्धा. ते हसले, मग हसून दमले आणि म्हणाले, "पुरे. आता नुसते बसा." मग आम्ही बाजाराकडं बघत नुसते बसलो. मधूनच ते विचारत, सध्या कोण कुठं गेलंय. मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणालो.

निघायची वेळ झाली. मी बॅग खांद्याला लावली, त्यांचा हात हातात घेतला आणि आजाऱ्याशी बोलायचा आपला सगळ्यांचा जो एक आवाज असतो, त्या आवाजात म्हणालो, "बरं तर, पुढच्या सुट्टीत भेटूच."

त्यांनी हात सोडला नाही. माझ्याकडं बघत राहिले.

मी बॅग खाली ठेवली. "नाही भेटणार," मी म्हणालो.

"हं," डुंबरे म्हणाले. "बसा थोडं. एसटीला अजून वीस मिनिटं आहेत."